चर्चगेटचे नाइट क्लब आणि आपल्या घरातली गाणी

वाचकहो, कमलनगरहून उदगीरकडे निघालात की सीमा ओलांडली तरी रस्ता तोच राहतो, शेते तीच राहतात, बोलीही फारशी बदलत नाही. बदलतात त्या पाट्या. आपल्या बाजूला ‘बार अँड रेस्टॉरंट’ असे लिहिलेले दिसते. पलीकडे गेलो की ‘परमिट रूम’. मद्य विकणाऱ्या जागेला ‘परवान्याची खोली’ असे चमत्कारिक नाव का पडावे? या नावामागे एक कायदा आहे, त्या कायद्यामागे एक शहर आहे, आणि त्या शहरातल्या काही खोल्यांत रात्री वाजलेले संगीत आज तुमच्या-माझ्या घरात आहे. यंदाच्या व्याख्यानासाठी मी तोच विषय घेतला आहे : मुंबईच्या चर्चगेट भागातील, थेट वाद्यवृंद असलेल्या नाइट क्लबांचा इतिहास.

विषय ऐकून काही मंडळी भुवया उंचावतील, हे मी जाणून आहे. मी जैन घरातला. आमच्याकडे दिवेलागणीपूर्वी पाने उचललेली असत. तेव्हा दिवे लागल्यावरच जी जागा उघडते तिच्याविषयी मी का बोलावे? याचे उत्तर माझ्या व्यवसायात आहे. वैद्याने रोगी कुठून आला हे विचारावे. तिथे जाणे योग्य होते का, हा न्यायनिवाडा नंतरचा. चाळीस वर्षे साखरेच्या गोळ्या देताना मी हेच शिकलो की, लक्षण पाहून तोंड फिरवणाऱ्याला कारण कधीच सापडत नाही. आपल्या घरातल्या कितीतरी आवडत्या गाण्यांचे कारण त्या खोल्यांत आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ स्पष्ट करू. आज ‘नाइट क्लब’ म्हटले की कानठळ्या बसवणारे यंत्रसंगीत डोळ्यांसमोर येते. १९५० किंवा १९६० सालच्या मुंबईत त्याचा अर्थ वेगळा होता. जेवणाची टेबले, मधोमध नाचण्यासाठी गुळगुळीत लाकडी फरशी आणि एका बाजूला थोडा उंच मंच. मंचावर पाच-सहा वादक : पियानो, डबल बास, ड्रम, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, आणि बहुधा एक गायिका. संगीत समोर, त्या क्षणी तयार होत असे. वादक आजारी पडला तर त्या रात्री त्याचे वाद्यही मुके.

या परंपरेची सुरुवात चर्चगेटला नव्हे, अपोलो बंदरावर झाली. ताजमहाल हॉटेल १९०३ साली उघडले. तेथील नाचाच्या दालनात पाश्चात्त्य धर्तीचे वाद्यवृंद वाजू लागले. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी नावाचा व्हायोलिनवादक आपला कृष्णवर्णीय अमेरिकी वाद्यवृंद घेऊन तिथे आला आणि मुंबईने खरा जाझ समोरासमोर ऐकला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. स्वतःच्या देशात ज्यांना अनेक हॉटेलांच्या पुढच्या दाराने आत जाता येत नव्हते, ते लोक इथे येऊन राजेरजवाड्यांना नाचवत होते. वेदरफर्ड पुढे हिंदुस्थानातच राहिले आणि १९४५ साली कलकत्त्यात पटकीने वारले.

या परदेशी वादकांच्या शेजारी बसून वाजवायला माणसे हवी होती. ती आली प्रामुख्याने गोव्यातून. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळा असत. तिथला ‘मेस्त्री’ गावच्या पोरांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवी. हेतू एवढाच की रविवारच्या प्रार्थनेला वाद्यमेळ सिद्ध असावा. पण त्यामुळे शेतकऱ्याचा, तांडेलाचा मुलगा पाच रेघांवर लिहिलेले संगीत पोथीसारखे घडाघडा वाचू लागला. गावात त्या विद्येवर पोट भरत नसे. मग ही मुले मुंबईला येत आणि धोबी तलावच्या आसपास आपापल्या गावच्या ‘कूड’मध्ये, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, पथारी टाकत. ट्रंक, वाद्याची पेटी आणि वाचता येणारी स्वरलिपी एवढेच त्यांचे भांडवल. गोव्याखेरीज इतरही होते. सॅक्सोफोनवादक रूडी कॉटन हे पारशी. त्यांचे मूळ नाव कावसजी खटाव. मिकी कोरिया यांचा वाद्यवृंद १९३९ पासून वीसेक वर्षे ताजमध्ये होता.

आता त्या कायद्याकडे वळू. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदीचा पहिला प्रयत्न केला. महायुद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळच गेले आणि तो बारगळला. स्वातंत्र्यानंतर ‘मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९’ झाला आणि एप्रिल १९५० पासून अख्खा मुंबई इलाखा कोरडा घोषित झाला. ज्याला प्यायचे असेल त्याने परवाना काढावा. परदेशी पाहुण्याला एक प्रकारचा परवाना, तर येथल्या माणसाला डॉक्टरच्या दाखल्यावर आरोग्याचा परवाना. म्हणजे सरकारने दारूच्या दाराशी पहारेकरी म्हणून माझ्या व्यवसायबंधूंनाच उभे केले! परवानाधारकांसाठी हॉटेलात जी वेगळी खोली राखलेली, ती ‘परमिट रूम’. मूळ कायदा आजही महाराष्ट्रात रद्द झालेला नाही, म्हणून पाटीही उतरलेली नाही. आपण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूर राज्यात. मुंबईचा हा कायदा आपल्या गावात आलाच नाही. सीमारेषा कुठे कुठे दिसते पाहा.

या कायद्याला एफ. एन. बलसारा या मुंबईकर पारशी गृहस्थांनी न्यायालयात आव्हान दिले. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदीचा गाभा कायम ठेवला. मात्र मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधने यांच्यावरील बंदी अवाजवी ठरवून ती कलमे रद्द केली. होमिओपथीच्या माणसाला या निकालाचे महत्त्व सांगावे लागत नाही. आमची मूळ टिंक्चरे आणि त्यांपासूनचे द्राव मद्यार्कातच सिद्ध होतात. एकच द्रव, एका बाटलीत गुन्हा आणि दुसऱ्या बाटलीत औषध : हा भेद न्यायालयाने मान्य केला. संगीताच्या बाबतीत असा भेद करायला मात्र समाज तयार नव्हता.

आणि आता जे सांगतो ते मला स्वतःला सर्वांत विलक्षण वाटले. दारू गेली म्हणजे क्लब मेले, असे आपण समजू. घडले उलटे. चर्चगेटचा तो रस्ता, आजचा वीर नरिमन रोड, भर दारूबंदीत गजबजला. बॅकबेच्या भरावावर तीसच्या दशकापासून गोलाकार सज्ज्यांच्या नव्या इमारती उठल्या होत्या. २०१८ साली युनेस्कोने ज्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यांतल्याच या शेजारणी. त्यांच्या तळमजल्यांवर उपाहारगृहे आली. ‘गेलॉर्ड’ १९५६ साली उघडले. अ‍ॅम्बॅसॅडर हॉटेलातील ‘द अदर रूम’मध्ये पियानोवादक टोनी पिंटो यांचा लहानसा वाद्यवृंद वर्षानुवर्षे वाजवीत राहिला. अ‍ॅस्टोरिया हॉटेलात ‘व्हेनिस’ होते. तिथे ख्रिस पेरी या मडगावच्या वादकाचा ट्रम्पेट आणि लॉर्ना कोर्देर या तरुण गायिकेचा आवाज ऐकायला साठच्या दशकात लोक रांगेने येत. एका रस्त्यावर, चालत पाच-दहा मिनिटांच्या टप्प्यात, एकाच रात्री चार-पाच वाद्यवृंद ऐकता येत.

टेबलावर काय असे? कायद्याने कॉफी, सरबत, जेवण. शहरात दारू मिळतच नव्हती, असे मी म्हणणार नाही. हातभट्टी आणि ‘आंटीचे अड्डे’ याच बंदीने जन्माला घातले. पण ज्याला केवळ प्यायचे होते तो अंधाऱ्या गल्लीत जाई. चर्चगेटला येणाऱ्याला ऐकायचे आणि नाचायचे असे. रविवारी सकाळी अकराच्या सुमारास कॉलेजच्या मुलामुलींसाठी ‘जॅम सेशन’ होई आणि त्यात कॉफीपलीकडे काही नसे. अमेरिकेतील डेव्ह ब्रूबेक १९५८ साली मुंबईत आले तेव्हा सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासह वाजवून गेले. ड्यूक एलिंग्टन १९६३ मध्ये आणि लुई आर्मस्ट्राँग १९६४ मध्ये येऊन गेले. कोरड्या मुंबईला जगातले हे थोर कलावंत पाहुणे म्हणून लाभले.

पण क्लबच्या पगारावर घर चालत नसे. रात्री मंचावर बसणारी हीच माणसे दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जात. आपल्याकडचे संगीतकार चाल बांधत ती पेटीवर, तोंडी. चाल आपली, रागाशी नाते सांगणारी. पण पडद्यासाठी वीस, चाळीस, साठ वाद्ये एकत्र वाजवायची तर प्रत्येकासमोर कागद हवा. तो कागद लिहिणारा तो ‘अरेंजर’, म्हणजे वाद्यसंयोजक. मुखडा आणि अंतरा यांच्यामधले वाद्यांचे तुकडे बहुधा तोच सजवी. सेबॅस्टियन डिसोझा हे फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात वाजवीत. मुंबईला आल्यावर ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे संयोजन त्यांनी केले. ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड यांनी चित्रपटसंगीतात काम केले आणि १९६३ साली ‘आमचें नशीब’ हा कोंकणी चित्रपट काढला. संगीत ख्रिस पेरी यांचे. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन शिकवीत. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील एका गाण्यात गुरूचे पूर्ण नाव गुंफून गुरुदक्षिणा दिली. आपण ते गाणे विनोदी म्हणून गुणगुणतो. त्यामागे खरा माणूस आहे.

आपल्या सर्वांना जवळचे उदाहरण सांगतो. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. त्यांचे सहायक होते अंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, गाव हळदोणे. मुंबईची रात्र त्यांना ‘चिक चॉकलेट’ म्हणून ओळखे आणि आर्मस्ट्राँगच्या ढंगाने ट्रम्पेट वाजवणारा म्हणून डोक्यावर घेई. या जोडीच्या हातून भगवानदादांचा ‘अलबेला’ (१९५१) झाला. त्या चित्रपटात चिक आणि त्यांचे साथीदार पडद्यावरही दिसतात. आज गणपतीच्या मिरवणुकीत जी पावले पडतात, भगवानदादांची ती सोपी, झुलती पावले, ती ज्या तालावर पडली तो ताल क्लबच्या फरशीवरचा आहे. आणि याच चितळकरांनी १९६३ च्या जानेवारीत लताबाईंच्या आवाजात ते गीत दिले, जे ऐकून देश आजही उभा राहतो. एकाच माणसाच्या ओंजळीत दोन्ही पाणी होते.

आता दुसरी बंदी. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, पुण्याचे विद्वान गृहस्थ, नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. चित्रपटगीतांनी, विशेषतः त्यांतल्या पाश्चात्त्य वाद्यमेळाने, अभिरुची बिघडते असे त्यांचे मत होते. त्याच वर्षी आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार झाली. शास्त्रीय संगीतासाठी केसकरांनी केलेले काम मोठे आहे, ते नाकारू नये. पण लोकांनी काय केले? रेडिओची कळ फिरवून सिलोन लावले. अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ त्याच वर्षअखेरीस सुरू झाली. शेवटी ऑक्टोबर १९५७ मध्ये आकाशवाणीला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. बिदर-उदगीर भागात ज्या घरी रेडिओ होता त्या घराच्या ओट्यावर बुधवारी रात्री गल्ली जमे, हे जुन्या माणसांकडून तुम्हीही ऐकले असेल. चर्चगेटच्या मंचावरचा ट्रम्पेट दादरच्या किंवा ताडदेवच्या ध्वनिमुद्रणगृहातून तबकडीवर, तबकडीवरून कोलंबोला आणि कोलंबोहून लघुलहरींवर स्वार होऊन आपल्या ओट्यावर, असा त्याचा प्रवास.

पण या प्रवासात नावे गळाली. घरात जुनी लाखेची तबकडी असेल तर तिच्या मधली गोल चिठ्ठी वाचा. चित्रपटाचे नाव आहे, गायकाचे आहे, संगीतकाराचे आहे. संयोजकाचे नाही. ज्याच्या सॅक्सोफोनवाचून ते गाणे तुम्हाला ओळखूही येणार नाही, त्याचे तर नाहीच. त्या वादकांच्या आठवणी शोधून नरेश फर्नांडिस यांनी २०१२ साली ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ हा इंग्रजी ग्रंथ लिहिला, म्हणून निदान काही नावे आपल्यापर्यंत पोहोचली.

मराठी माणसाला ही रीत नवी नाही. तमाशाच्या फडात जायला घरची परवानगी नव्हती. पण १९५९ साली ‘सांगत्ये ऐका’ आला आणि पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चालला. लावणी पडद्यावरून आली तेव्हा सोवळी झाली. फडातली बाई मात्र होती तिथेच राहिली. क्लबच्या वादकाचेही तेच झाले. त्याचा सूर घरात घेतला आणि त्याला उंबऱ्याबाहेर ठेवले.

क्लब संपले कसे? वसंतराव नाईकांच्या काळात, साठच्या दशकात, दारूबंदी सैल झाली. म्हणजे दिवस आणखी बरे यायला हवे होते. पण सत्तरच्या दशकात एकेक मंच रिकामा होत गेला. दारूच्या मोकळिकीनेच संगीत बुडाले, असे सरळ गणित मी मांडणार नाही. दोन गोष्टी एकामागून एक घडल्या म्हणून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही, हे कोणताही वैद्य सांगेल. कारणे अनेक होती. अँग्लो-इंडियन, ज्यू, गोवेकर कुटुंबे विलायत, ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडे निघून गेली होती. तरुणांना गिटारचे नवे संगीत हवे होते. ‘डिस्कोथेक’ आले : सहा वादकांच्या जागी एक यंत्र आणि ते चालवणारा एक माणूस. पुढे ऐंशीच्या दशकात चित्रपटांतही सिंथेसायझर आला आणि साठ व्हायोलिनांचे काम एक माणूस बोटांनी करू लागला. वादकांची दिवसाची चाकरी गेली आणि रात्रीचीही. लॉर्ना सुमारे दोन तपे मंचापासून दूर राहून १९९५ साली पुन्हा गायल्या, तेव्हा गोव्यात लोकांनी डोळे पुसत ऐकले. त्या काळावर बेतलेला ‘नाचोंया कुंपासार’ हा कोंकणी चित्रपट २०१४ साली आला.

हा विषय केवळ जुना नाही. २००५ साली महाराष्ट्राने डान्स बारवर बंदी घातली. मात्र तीन तारे व त्यावरील हॉटेलांना त्यातून वगळले. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हा भेदभाव अमान्य केला. बारमध्ये शोषण होते, हे खरे. ते थांबायलाच हवे. पण नृत्य तेच असताना दाराच्या झगमगाटावरून नीती ठरवली, तर तो निवाडा नृत्याचा न राहता गरिबीचा होतो. आणि दार बंद होते तेव्हा आतल्या बाईचे पुढे काय झाले, हे कोणी विचारत नाही.

वाचकहो, हा इतिहास मुंबईचा आहे म्हणून आपण दूरचे प्रेक्षक, असे समजू नका. आपल्या लग्नांच्या वरातीपुढे जो बँड वाजत आला, त्यातला ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन पाहा. कमलनगर, भालकी, औराद, उदगीर : सगळीकडे मातंग आणि मुसलमान घरांतून आलेल्या वादकांनी सिलोनवर ऐकलेले वाद्यांचे तुकडे कानाने उचलले आणि पितळेतून जसेच्या तसे काढले. स्वरलिपीचा कागद त्यांनी कधी पाहिला नव्हता. गोव्याच्या मेस्त्रीचा शिष्य आणि आपल्या गावचा बँडवाला एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण एकच तुकडा दोघांनी वाजवला. त्यांच्यावाचून आपली वरात निघत नसे आणि पंगतीत त्यांची पाने शेवटी, बाजूला मांडली जात. हे आपल्या जुन्याजाणत्या घरांनी केले आहे. माझ्याही घराण्याने केले आहे.

सीमाभागातल्या आपल्यासारख्यांना नाव गळण्याचे दुःख ठाऊक आहे. मराठीच्या इतिहासग्रंथात आपण पानाच्या कडेला असतो, कर्नाटकाच्या नोंदीतही तसेच. ज्याला हे सलते, त्याने निदान दुसऱ्याचे नाव गाळू नये.

म्हणून एक विनंती. आपल्या लग्नांचे जुने छायाचित्रसंग्रह बाहेर काढा. वरातीच्या छायाचित्रात कडेला, अर्धवट कापलेले, टोपी घातलेले वादक दिसतील. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, हा क्लॅरिनेटवाला कोण, कुठल्या गल्लीतला, कोणाकडे शिकला. उत्तर छायाचित्राच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. आणि तो वादक हयात असेल तर त्याच्या घरी जाऊन त्याच्याकडूनच ते लिहून घ्या. ऐंशी-नव्वदीची ती माणसे अजून आपल्यात आहेत. पुढच्या व्याख्यानमालेपर्यंत सगळीच असतील, असे डॉक्टर म्हणून मी तुम्हाला सांगू शकत नाही.